जेवायला बसायची नोकरी

नोकरीबद्दल कोणी विचारलं की ती आधी विषय बदलून बघायची. नाहीच बदलला, तर "सरकारी दवाखान्यात आहे" एवढं सांगून मोकळी व्हायची. पुढचं सांगितलं की समोरचा हसणार हे ठरलेलंच होतं.

"म्हणजे तिथे करतेस काय?"

"जेवते."

"अगं, ते कळलं. काम काय करतेस?"

"तेच काम."

मग हसण्याचा एकच गदारोळ. नणंदेचा नवरा तर दर वेळी म्हणायचा, "वहिनी, आमच्यासाठीपण बघा की एखादी जागा. अनुभव दांडगा आहे आमचा." तोच विनोद, तेच शब्द, आणि वर स्वतःच हसायचं. माणसं एकदा हसायला लागली की त्यांना काही समजावण्यात अर्थ नसतो. तिनं तो नाद कधीच सोडला होता.

दवाखान्यात तिला सगळे जेवणमावशी म्हणत. मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिथे लिफ्ट पोचत नाही, तिथे तिचा वॉर्ड होता. ज्यांच्या पायांत दोन जिने चढण्याइतकाही जीव नाही, त्यांना नेमकं तिथे ठेवायचं कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं होतं कोण जाणे. अन्न समोर असून ज्यांना ते खाता येत नाही, किंवा खाल्लेलं पोटात ठेवता येत नाही, अशांचा तो वॉर्ड. बेड मोजके. खालच्या बाकावर वाट बघणारे मात्र कधी मोजके नसत.

मावशी पूर्वी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. एकदा दुपारी वॉर्डातली ताटं उचलायला म्हणून वर गेली. ताटं उचलण्यासारखी झालीच नव्हती, सगळी भरलेली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि पाय भरून आले होते, म्हणून ती टेबलाच्या टोकाला बसली आणि आपला डबा उघडून जेवायला लागली. जेवता जेवता, बस कशी चुकली आणि वरून कंडक्टरनंच तिला कसं झापलं, ते कोणाला तरी सांगत राहिली. समोरच्या पोरीनं, जिनं कित्येक दिवसांत चमच्याला हात लावला नव्हता, तिनं चमचा उचलला. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून तुम्ही इथेच जेवा." मावशीला वाटलं, कामाच्या वेळेत डबा खाल्ला म्हणून शिक्षा झाली.

सुरुवातीला तिला या पोरांचा रागच यायचा. ती स्वतः भरल्या घरात, अर्ध्या पोटानं वाढलेली. ताटात पडलेलं टाकायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती वॉर्डच्या सिस्टरला म्हणाली, "दोन दिवस उपाशी ठेवा यांना. सुतासारखी सरळ होतील." सिस्टर हसून हसून बेजार झाली. "मावशी, उपाशी राहण्यात यांचा हात धरणारं कोणी आहे का?"

मग एक दिवस कॉलेजात जाणारी एक पोरगी उकडलेल्या बटाट्याच्या फोडीसमोर बसून घामानं निथळली. सोंग करणाऱ्याला असा घाम फुटत नाही. त्या दिवशी मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे नखरे नाहीत, ही भीती आहे. आणि घाबरलेल्या माणसाला "घाबरू नकोस" म्हणून आजवर कोणाची भीती गेलीय?

काम डॉक्टरीणबाईंनीच तिला शिकवलं. पोरांच्या ताटात जे आणि जेवढं, तेच आणि तेवढंच तिच्या ताटात. पहिला घास तिचा. कोणाच्या ताटाकडे बघायचं नाही. "खा" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, "शाब्बास" तर नाहीच नाही. वजन, आरसा, कपडे घट्ट की सैल, हे विषय वॉर्डाच्या दाराबाहेर. मग बोलायचं काय? तर शेजाऱ्यांचं मांजर कपाटात कसं व्यालं, नवरा छत्री कुठे विसरला, मालिकेतली सासू एकदाची मरणार की नाही. मावशीला बोलायला विषय कधी कमी पडला नाही. उलट वॉर्डात बोलून बोलून घरी आली की तिचं तोंड मिटलेलं असायचं. नवरा टपाल वाटून निवृत्त झालेला, त्याला ती शांतता मानवली होती. "तुला काम चांगलं अंगी लागलंय," तिच्या रुंदावत चाललेल्या कमरेकडे बघून तो म्हणायचा. घरीसुद्धा ती एकेक घास सावकाश उचलायला लागली, तेव्हा मात्र तो वैतागला. "अगं, मी पेशंट नाही. आटप लवकर आणि चहा टाक."

पेंटर वॉर्डात आला तो शिडीवरून पडून.

त्याचं काम दुकानांच्या पाट्या रंगवायचं. त्यातही खाणावळींच्या पाट्या त्याच्या हातच्या नावाजलेल्या. अक्षर असं टपोरं की नुसतं "गरमागरम" वाचलं तरी रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. हा मात्र दिवसभर शिडीवर काळ्या चहावर. एका दुपारी डोळ्यांसमोर अंधारी आली आणि तो रंगाच्या डब्यासकट खाली आला. मनगट मोडलं. हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घातलं, आणि तिथल्या एका नर्सच्या लक्षात आलं की याचा ट्रे येतो तसाच परत जातो.

त्याआधी तो दोन-तीन ठिकाणी दाखवून आला होता. एकानं टॉनिक दिलं, एकानं कृमीचं औषध दिलं, एक म्हणाला, लग्न कर. हा आजार बायकांचा, पोरींचा, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मिशी असलेल्या माणसाला तो होतो हे कोणाच्या डोक्यात शिरेना. डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डातही सगळ्या पोरीच होत्या, पुरुषाला जागाच नव्हती. बाई वरच्या साहेबांशी भांडभांड भांडल्या आणि शेवटी चादरी ठेवायची खोली रिकामी करून तिथे त्याची खाट लागली. "मावशी, आयुष्यात पहिल्यांदा स्पेशल रूम मिळाली," तो म्हणाला. "फक्त झुरळांनी आधी बुकिंग केलेलं दिसतंय."

पोरगा गमत्या होता. एकटा जीव, भाड्याची खोली, आई-बाप कधीच गेलेले. पहिल्याच दिवशी त्यानं तिला मावशी म्हटलं. तसे सगळेच म्हणत, पण हा म्हणाला की तिला खरंच कोणाची तरी मावशी असल्यासारखं वाटायचं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हे ती कोणाला सांगत नसे, आणि मी तरी उगाच कशाला ताणू?

तर पेंटर तिच्या समोरच्या खुर्चीवर बसायचा आणि तिच्या हाताकडे बघायचा. तिनं घास उचलला की हा उचलायचा. ती बोलता बोलता थांबली की याचा चमचा तिथेच अधांतरी. बाकीच्या पोरी काही आठवड्यांनी आपापल्या चालीनं जेवायला लागत, याचं तसं झालं नाही. मावशीला एकदा ताप आला आणि ती दोन दिवस घरी राहिली, तर त्यानं ते दोन्ही दिवस पाण्यावर काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, त्याचं वजन वाढतंय ते ठीक आहे. पण तुमच्याशिवाय जेवता येत नाही तोवर तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. अजून वेळ लागेल."

वेळच तर नव्हता. वजनकाट्याच्या वर भिंतीवर एक तक्ता होता आणि त्यावर एक लाल रेघ. रेघेच्या खाली असलेल्याला बेड मिळायचा. रेघेच्या वर गेला की त्याला घरी पाठवायचं आणि बाकावरच्या पुढच्याला वर घ्यायचं. ती रेघ डॉक्टरीणबाईंनी आखली नव्हती, वरून आली होती. माणूस आतून बरा झालाय की नाही हे रेघेला कळत नाही, पण कागदावर ती फार सोयीची असते. पेंटर रेघेच्या वर गेला तेव्हा त्यानं हात जोडले. "बाई, अजून थोडे दिवस राहू द्या. घरी गेलो की मला जमणार नाही, मला माहितीय." बाई खिडकीशी गेल्या आणि त्यांनी त्याला खालचा बाक दाखवला. बाकावर एक पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. "तिची नाडी लागत नाहीये नीट," बाई म्हणाल्या. "तूच सांग, मी काय करू?" त्यानं पिशवी भरली.

त्यानंतर सरकारनं त्याच्यासाठी काय ठेवलं होतं, तर महिन्यातून एकदा ओपीडी. काट्यावर उभं राहायचं. "जेवता ना?" "हो." "या पुढच्या महिन्यात." झालं. आणि अडचण आली तर फोन करायला एक नंबर दिला होता, जो कोणी कधीही लावला तरी व्यग्रच लागायचा.

पेंटर घसरायला लागला. मावशीला ते लांबून, त्याच्या शर्टाच्या खांद्यांवरूनच कळलं. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दुपारी त्याला वर बोलावू का? एक ताट जास्तीचं, त्यात काय एवढं?" बाईंनी वर विचारलं. उत्तर आलं, दाखल नसलेल्या रुग्णाला वॉर्डात जेवता येणार नाही. एकाला परवानगी दिली की सगळेच मागतील. सगळ्यांनी जेवण मागावं याच्यासाठीच तर हा वॉर्ड तळमळत होता, पण तो मुद्दा कोण मांडणार. मावशी म्हणाली, घरचा डबा आणते आणि अंगणात बसते त्याच्याबरोबर. पण त्याच वेळी वर भरलेल्या टेबलाशी तिची वाट बघणाऱ्या बाकीच्या पोरी होत्या. एका माणसाला दोन ठिकाणी जेवता येत नाही.

आणि मग तिच्या हातून ते घडलं.

ओपीडीचा दिवस होता. पेंटर काट्यावरून उतरला आणि फाटकापाशी तिला भेटला. चेहरा उतरलेला. रेघेच्या थोडा वर होता तो, अगदी थोडा. बाईंनी सांगितलं होतं, बेड देता येत नाही, पुढच्या महिन्यात बघू. "पुढच्या महिन्यापर्यंत कसं होणार, मावशी? खोलीत ताट घेऊन बसतो. समोर भिंत. भिंत काही घास उचलत नाही."

मावशीचा जीव कळवळला. इतक्या वर्षांत तिनं वजनाचा विषय कोणासमोर काढला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याचा हात धरून ती म्हणून गेली, "अरे, धीर सोडू नकोस. थोडंसंच तर राहिलंय. एवढं खाली आलास की बाईंना तुला घ्यावंच लागेल. मग बसू आपण रोज. मी आहे ना?"

पेंटरचा चेहरा एकदम उजळला. "खरंच की," तो म्हणाला. जाताना त्यानं वळून हातसुद्धा केला.

संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. थोडं कौतुकानंच सांगितलं, पोराला कसा धीर दिला ते. नवरा बुटाला पॉलिश करत होता. तो थांबला. "म्हणजे तू त्याला खाऊ नकोस म्हणालीस?"

"तोंड सांभाळून बोला हं!" ती उसळली. "मी कशाला असं म्हणेन?"

नवरा पुन्हा ब्रश फिरवायला लागला. त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. सगळी जिंदगी घास पुढे करण्यात गेली, आणि ज्याला तिच्या हाताकडे बघून जेवायची सवय, त्याला तिनं बोट दाखवलं ते खालच्या दिशेनं.

सुट्टीच्या दिवशी ती त्याला शोधत निघाली. बाजारात एका खाणावळीसमोर शिडी दिसली, शिडीवर तो. तिला बघताच त्यानं वरून ब्रश हलवला. "मावशी! होत आलंय काम!" पाटीचं म्हणत असेल असं तिला क्षणभर वाटलं. मग तो खाली उतरला. शिडीच्या प्रत्येक पायरीवर तो दम घ्यायला थांबत होता, तेव्हा तिला कळलं तो कुठल्या कामाबद्दल बोलतोय.

"मी चुकले," ती म्हणाली. "मी बोलले ते विसर. चल, आत्ता माझ्याबरोबर जेव."

दोघं आत बसले. तिनं दोन ताटं मागवली. शेजारीच खाणावळीचा मालक गल्ल्यामागून कौतुकानं बघत होता, आपल्या पेंटरकडे कोणी पाहुणी आली म्हणून. मावशीनं पहिला घास घेतला. मग मांजराची काहीतरी गोष्ट काढली. दुसरा घास घेतला. पेंटर तिच्या हाताकडे बघत होता, नेहमीसारखाच, पण त्याचा हात मांडीवरून हलला नाही.

"मावशी," तो म्हणाला, अगदी समजूतदारपणे, मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तसं. "आज जेवलो तर परत रेघेच्या वर जाईन. मग बेड जाईल. आज तुम्ही आहात. उद्या कोण आहे?"

त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. खा म्हणावं तर तो बाहेरच राहणार, आणि बाहेर तो जगत नव्हता. नको खाऊस म्हणावं तर जीभ झडून जावी. इतकी वर्षं नोकरी करून, आपण या पोराला नेमकं काय सांगायचं तेच तिला कळेना. तिनं त्याच्या ताटावर हात ठेवला आणि तिथेच, भर खाणावळीत, ती रडायला लागली. मालकानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. पेंटर तिची पाठ थोपटत होता. "होईल हो सगळं, मावशी. आता थोडंच राहिलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंसमोर सगळं कबूल केलं. बाई रागावतील, नोकरी जाईल, काहीही झालं तरी चालेल असं ठरवूनच ती गेली होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाकावरच्या सगळ्यांना हे माहीत असतं, मावशी. तुम्ही सांगा न सांगा. येऊ दे त्याला ओपीडीच्या दिवशी. मी त्याच दिवशी वर घेते, मग कोणी काही म्हणो."

त्या आशेवर मावशीनं ते दिवस ढकलले. माणसाचं मन कसं उलटं होतं बघा. जी बाई पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून झटली, ती रोज सकाळी देवापुढे उभी राहून त्याचं वजन उतरू दे म्हणायला लागली. म्हणायची आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची.

ओपीडीच्या दिवशी पेंटर आला तो स्वच्छ शर्ट घालून, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. काट्यावर चढला. काटा रेघेच्या चांगला खाली गेला. "जमलं!" तो म्हणाला, परीक्षेत पास झाल्यासारखा.

काट्याशी बसलेल्या सिस्टरनं आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. मग मावशीचं लक्ष भिंतीकडे गेलं. तक्ता नवा होता. आदल्याच आठवड्यात वरून आदेश आला होता. वॉर्डातले निम्मे बेड दुसऱ्या विभागाला गेले होते, ते मावशीला ठाऊक होतं; पण बेड निम्मे म्हणून रेघही खाली आणली होती, हे तिला आत्ता कळत होतं. पेंटर जुन्या रेघेच्या खाली होता, नव्या रेघेच्या वर. डॉक्टरीणबाई त्या दिवशी वरच्या साहेबांच्या दारात उभ्याच होत्या, दुपारपर्यंत उभ्या राहिल्या आणि हात हलवत परत आल्या. बेड खरंच नव्हता. एका खाटेवर दोघींना झोपवायची वेळ आली होती.

पेंटरनं पिशवी खांद्याला अडकवली. तो कोणावर चिडला नाही. चिडला असता, भांडला असता, काच फोडली असती, तर मावशी त्याच्या शेजारी उभी राहून दुसरी काच फोडायला तयार होती. तो तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिला. रेघ आखणारा माणूस होता तो, त्याला अंतराचा अंदाज होता. "ठीक आहे," तो म्हणाला.

मावशी त्याच्या मागे जिना उतरून फाटकापर्यंत गेली. "माझ्या घरी चल," ती म्हणाली. "आमच्याकडे राहा. आम्ही दोघंच तर आहोत." तो हसला. "तुमच्या घरी मला बेड कोण देणार, मावशी? मला बरं व्हायचंय." तिनं त्याचा दंड धरला. तिच्या बोटांना शर्टाच्या आत हाडच लागलं. त्यानं हळूच दंड सोडवून घेतला. त्यानंतर ती त्याच्या खोलीवर डबा घेऊन जात राहिली. तो दार उघडायचा, "थँक यू मावशी" म्हणायचा, डबा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा परत द्यायचा. धुतलेला डबा बघून तिला बरं वाटायचं. इतकी वर्षं या वॉर्डात काढलेल्या बाईला धुतलेल्या डब्याचा अर्थ कळू नये? कळत होता. पण माणूस जिथे हात टेकतो, तिथे कानाडोळाही करतो.

एक दिवस खोलीचा मालक त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आला. आता तो सगळ्या रेघांच्या खाली होता. पण एवढ्या खालच्या माणसाला वरच्या वॉर्डात ठेवता येत नाही, हृदयाचा भरवसा नसतो, तसा नियमच आहे आणि तो नियम तरी बरोबर आहे. त्याला जनरल वॉर्डात ठेवलं. तिथे खाटांची रांग, सलाईनच्या बाटल्या, दोन नर्सेस आणि शंभर कामं. वाढणारा यायचा, ट्रे उशाशी ठेवायचा, थोड्या वेळानं यायचा, ट्रे तसाच उचलून न्यायचा. त्याचा काय दोष? त्याला पुढच्या खाटेला ट्रे द्यायचा होता.

मावशी वरच्या पोरींचं जेवण उरकून धावत खाली गेली. स्वतःचं दुसरं ताट वाढून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि तोंड फिरवलं. ती त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. ओठ सुकलेले, डोळे मात्र तेच, मिश्कील.

"आलीस का मावशी," तो म्हणाला. तो तिला कधी अगं-तुगं करत नसे. आज केलं.

"आले. बस, जेवू आपण."

"तू जेव," तो म्हणाला. "मी बघतो."

तिनं घास घेतला. भात होता, बटाट्याची भाजी होती, अर्धं केळं होतं. ती काहीतरी बोलायला गेली, मांजर, मालिका, काहीच आठवेना. मग ती नुसतीच जेवली. त्याची नजर तिच्या हाताबरोबर ताटापासून तोंडापर्यंत जायची आणि परत यायची, भुकेल्या मुलासारखी. मध्येच त्याचा हात चादरीवरून थोडा वर उचलला गेला आणि खाली पडला. तिनं शीतन्‌शीत संपवलं.

"पोट भरलं?" त्यानं विचारलं.

"भरलं रे राजा."

"बरं झालं," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मावशी कामावर आली तेव्हा खाट रिकामी होती आणि चादर बदलत होते.

माणूस गेला की घरच्यांना अन्न जात नाही. आग्रह करकरून चार घास खायला लावतात, आणि ते नको म्हणतात, आणि कोणी त्यांना नावं ठेवत नाही. मावशीला ती सवलत नव्हती. डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांचेही डोळे लाल होते. "आज घरी गेलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. मावशीनं वर टेबलाकडे बघितलं. पोरी बसल्या होत्या. बातमी त्यांना कळली होती. सगळ्यांची ताटं वाढलेली, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. त्याच्या खुर्चीवर नवी पोरगी होती, कालच बाकावरून वर आलेली, डोळे विस्फारून दाराकडे बघणारी.

मावशी बसली. तिनं पहिला घास घेतला. मग बोलायला लागली. शेजाऱ्यांनी भिंतीला हिरवा रंग लावलाय आणि तो कसा भयंकर दिसतो, असं काहीतरी. तिचा आवाज नेहमीसारखाच होता असं सिस्टर नंतर म्हणाली. एकीनं चमचा उचलला, मग दुसरीनं. मावशीनं ताट पूर्ण केलं.

आणि उठताना ते सगळं तिच्या घशाशी आलं.

ती संडासाकडे धावली. दाराला कुलूप होतं. या वॉर्डात जेवणानंतर तासभर ते लावतातच, कोणी खाल्लेलं काढून टाकू नये म्हणून. सिस्टर किल्ली घेऊन धावत आली. तिनं किल्ली कुलपात घातलीसुद्धा. मावशीनं एक हात तोंडावर दाबला होता. तिनं वळून बघितलं, तर टेबलाभोवतीच्या सगळ्या पोरी तिच्याकडे बघत होत्या, आणि नवी पोरगी खुर्चीतून अर्धी उठली होती.

मावशीनं मान हलवली. "नको," ती कशीबशी म्हणाली, आणि तिनं ते गिळलं. मग परत जाऊन ती त्यांच्यामध्ये बसली, कुलूप उघडायची वेळ होईपर्यंत.